नुसते ‘डर्टी’ पुरत नाही : रोजच्या इंग्रजीत किळस नेमक्या शब्दांत कशी सांगावी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर ओसरल्यानंतर शाहूपुरीतल्या काही ओळखीच्या घरांसाठी विम्याचे अर्ज इंग्रजीत लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी कोल्हापुरात इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, म्हणून लोक हक्काने कागद घेऊन आले. एका घरातल्या आजी उंबऱ्यात बसून मला नुकसान सांगत होत्या. ‘गाद्या कुजल्या बघा. भिंतींना कुबट वास मारतोय. फरशीवर सगळा बुळबुळीत थर बसलाय. तेलाचा डबा उघडवत नाही, पोटात ढवळतंय नुसतं.’ त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने याच मजकुराचा इंग्रजी खर्डा आधी करून ठेवला होता. त्यात गादी, भिंत, फरशी आणि तेल या चारही गोष्टींसाठी एकच शब्द होता : ‘व्हेरी डर्टी’. भिंतीपुढे त्याने ‘व्हेरी डर्टी स्मेल इज कमिंग’ असे लिहिले होते.

त्या दिवशी मला जे उमगले, त्यावरच पुढे मी शिकवत आले आहे. आपल्याकडे शब्दांची वाण नाही. कुजके, कुबट, खवट, नासके, आंबलेले, बुळबुळीत, ओंगळ असे बारीक बारीक भेद आपण मराठीत विचार न करता करतो. इंग्रजीत पाऊल टाकताना मात्र आपण ते सगळे भेद दाराबाहेर ठेवतो आणि एकट्या ‘डर्टी’ला किंवा एकट्या ‘डिस्गस्टिंग’ला सोबत घेतो. म्हणून किळस सांगणारी तीव्र इंग्रजी विशेषणे शिकायची असतील तर सुरुवात शब्दांची यादी पाठ करण्यापासून करू नये.

पहिली पायरी : मराठीत नेमके काय म्हणाल ते आधी ठरवा

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हेच मी घरात आईला सांगत असते तर कोणता शब्द वापरला असता? उत्तर ‘घाण’ आले तर तिथे थांबू नये, आणखी एकदा विचारावे. घाण म्हणजे नाकाला घाण, जिभेला घाण, डोळ्यांना घाण, हाताला घाण, की मनाला घाण? या पाचांपैकी कोणते इंद्रिय दुखावले आहे हे कळले की निम्मे काम होते, कारण इंग्रजीतली बरीच विशेषणे एखाद्या इंद्रियाशी किंवा एखाद्या पदार्थाशी बांधलेली असतात.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळ्यांत स्पष्ट दिसते. कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी वर्षभराची करून ठेवली आणि बरणीचे झाकण नीट बसले नाही, तर काही महिन्यांनी तिच्यातले सुके खोबरे खवट होते. खोबऱ्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन ते बिघडते आणि घशाला लागणारी ती विशिष्ट चव येते. या खवटपणाला इंग्रजीत ‘रॅन्सिड’ म्हणतात. तो शब्द तेल, तूप, लोणी, शेंगदाणे, खोबरे अशा स्निग्ध पदार्थांसाठी आहे. दूध रॅन्सिड झाले असे सहसा म्हणत नाहीत. नासलेल्या दुधाला ब्रिटनमध्ये ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ किंवा नुसतेच ‘द मिल्क इज ऑफ’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘द मिल्क हॅज गॉन बॅड’. ‘सावर’ हा शब्दही चालतो, पण सावर म्हणजे मुळात आंबट, आणि आंबटपणात किळस असतेच असे नाही. फळे, अंडी, लाकूड, गादी कुजली तर ‘रॉटन’. मांस, मासळी, मेलेले जनावर सडून त्याचा वास सुटला तर ‘प्यूट्रिड’, जो फार जड शब्द आहे आणि भाजीच्या टोपलीसाठी वापरल्यास अति वाटतो. पावावर बुरशी धरली तर ‘मोल्डी’.

‘शिळे’ या शब्दापाशी मात्र थोडे सावध राहावे. इंग्रजीत ‘स्टेल’ म्हणजे ताजेपणा जाऊन वातड झालेला पाव, मऊ पडलेले बिस्किट, बंद खोलीतली जुनी हवा. त्यात नाराजी आहे. आपल्याकडे रात्रीची भाकरी सकाळी दूध घालून किंवा फोडणी देऊन आवडीने खाल्ली जाते, आणि ‘शिळी भाकरी’ म्हणताना आपण तिला नावे ठेवत नसतो. ती भाकरी पाहुण्याला समजावून सांगताना ‘स्टेल भाकरी’ म्हटले तर तो हात मागे घेईल. तिथे ‘लेफ्टओव्हर भाकरी’ किंवा ‘यस्टर्डेज भाकरी’ म्हणावे.

वासाकडे वळू. ‘घाण वास येतोय’ याचे शब्दशः इंग्रजी करू नये. इंग्रजीत ‘डर्टी’ म्हणजे मळलेले आणि बहुधा धुता येईल असे : हात, कपडे, भांडी, फरशी. वास डर्टी नसतो. तो ‘बॅड’ असतो, ‘हॉरिबल’ असतो, आणि फारच असह्य असेल तर ‘फाउल’ असतो. हा शेवटचा शब्द कोल्हापुरात कोणाला नवीन नाही, कारण शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहणारे लहान पोरही ‘फाऊल’ म्हणून ओरडते. नियमाला धरून नसलेला, गलिच्छ खेळ तो फाउल, आणि गटारातून उठणारी दुर्गंधीही फाउल. शब्दाचे मूळ एकच आहे. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा, जुन्या कपाटाचा, ओल्या कागदांचा कुबट वास म्हणजे ‘मस्टी’. हवा खेळत नसल्यामुळे कोंदट झालेली खोली म्हणजे ‘स्टफी’, पण तिच्यात किळस नाही, गुदमरणे आहे. उग्र दर्पाला ‘पंजंट’ म्हणतात, आणि तोही निंदेचा शब्द नव्हे, कारण मिरची कुटतानाचा ठसका पंजंटच असतो.

‘वास येतोय’ याचे भाषांतर ‘स्मेल इज कमिंग’ असे करण्याची सवयही सोडावी. इंग्रजी इथे आपल्या विचाराच्या फार जवळ आहे, हे लक्षात घेतले तर सवय लवकर सुटते. मराठीत ‘दुधाला वास येतोय’ म्हटले की तो वाईट आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. इंग्रजीतही ‘द मिल्क स्मेल्स’ एवढेच म्हटले की तोच अर्थ होतो. जोर द्यायचा तर ‘इट स्टिंक्स’.

डोळ्यांना आणि हाताला होणाऱ्या किळसेसाठी थोडेच शब्द पुरतात. अतिशय घाणेरड्या जागेसाठी ‘फिल्दी’, शेवाळलेल्या किंवा चिकट-बुळबुळीत गोष्टीसाठी ‘स्लाइमी’, साचून हिरव्या पडलेल्या पाण्यासाठी ‘स्टॅग्नंट’. आजींच्या फरशीसाठी मी ‘स्लाइमी’ लिहिले, भिंतींसाठी ‘मस्टी’ आणि गाद्यांसाठी ‘रॉटन’. तेलाचा डबा तेवढा मी विशेषणाविना सोडला आणि ‘पुराचे पाणी आत शिरले’ एवढीच वस्तुस्थिती नोंदवली. अर्जात नुकसान नेमके दिसावे लागते, लिहिणाऱ्याची शिसारी दिसण्याची गरज नसते.

दुसरी पायरी : तीव्र विशेषणाला ‘व्हेरी’ लावू नका

वर आलेले बहुतेक शब्द पदार्थाची अवस्था सांगतात. आता जे शब्द येतात ते बोलणाऱ्याची प्रतिक्रिया सांगतात : डिस्गस्टिंग, रिव्होल्टिंग, रिपल्सिव्ह, नॉशिएटिंग, सिकनिंग. ही तीव्र विशेषणे आहेत, म्हणजे ‘फार’ हा अर्थ त्यांच्या पोटातच असतो. मराठीत आपण ‘खूप काळाकुट्ट’ म्हणत नाही, ‘फार आंबटढाण’ म्हणत नाही, कारण कुट्ट आणि ढाण यांनी ते काम आधीच केलेले असते. पण ‘अगदी काळाकुट्ट’ म्हणतो. इंग्रजीतही ‘व्हेरी रिव्होल्टिंग’ कानाला खटकते आणि ‘अॅब्सोल्यूटली रिव्होल्टिंग’ सहज वाटते. ‘व्हेरी डिस्गस्टिंग’ काही लोक बोलतात, त्याला सरसकट चूक म्हणता येणार नाही, पण त्याने शब्दाचे बळ वाढत नाही. ‘रिअली’ हा शब्द सौम्य आणि तीव्र अशा दोन्ही विशेषणांबरोबर चालतो, त्यामुळे शंका असेल तेव्हा तोच वापरावा. ‘व्हेरी डर्टी’ मात्र बरोबर आहे, कारण डर्टी सौम्य आहे. त्याच्या वरची पायरी फिल्दी, आणि तिथे पुन्हा अॅब्सोल्यूटली.

या प्रतिक्रियेच्या शब्दांमधला भेद लक्षात ठेवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना त्यांची मुळे सांगते, कारण प्रत्येक शब्दात शरीराची एक हालचाल दडलेली आहे. डिस्गस्टमधला ‘गस्ट’ हा लॅटिनमधल्या चवीच्या शब्दातून आला, म्हणजे ही जिभेने नाकारलेली गोष्ट आहे, जरी आज हा शब्द कशालाही चालत असला तरी. रिव्होल्टिंगमध्ये बंड आहे, पोट बंड करून उठते. रिपल्सिव्हमध्ये मागे लोटणे आहे, आणि म्हणून तो रूप, स्पर्श, वागणूक यांच्यासाठी अधिक शोभतो. नॉशिआ हा शब्द ग्रीक भाषेतल्या जहाजाच्या शब्दापासून आला, मूळ अर्थ बोट लागणे. घाटातल्या एसटीत ज्यांना गाडी लागते त्यांना नॉशिएटिंगचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही. आणि आजींचे ‘पोटात ढवळतंय’ हे तर इंग्रजीत जसेच्या तसे आहे : ‘स्टमक-चर्निंग’, ज्यातले चर्न म्हणजे ताक घुसळणे, ढवळणे.

तिसरी पायरी : वाक्याची घडण

सर्वांत जास्त गफलती इथे होतात, आणि त्या व्याकरणाच्या असल्या तरी त्यांनी माणसाचा मान जातो. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारा माझा एक विद्यार्थी सरावात आधीच्या जेवणघरातल्या अस्वच्छतेविषयी सांगत होता आणि भरात म्हणाला, ‘आय वॉज डिस्गस्टिंग.’ त्याला म्हणायचे होते की मला किळस आली. तो म्हणाला ते असे की मी किळसवाणा होतो. ज्या गोष्टीमुळे किळस येते तिला ‘इंग’ प्रत्यय लागतो, ज्याला किळस येते त्याला ‘एड’. जेवण डिस्गस्टिंग, मी डिस्गस्टेड. हाच नियम रिव्होल्टिंग-रिव्होल्टेड, सिकनिंग-सिकन्ड यांना लागतो.

ही चूक मराठी माणसाकडून का होते हे समजून घेतले तर ती कायमची जाते. ‘मला किळस येते’ या वाक्यात कर्ता किळस आहे, मी नव्हे. मी फक्त ‘मला’ आहे. इंग्रजीत ‘मला’ने वाक्य सुरू करता येत नाही, म्हणून आपण घाईने ‘आय अॅम’ म्हणतो आणि पुढे जे विशेषण हाताशी असेल ते जोडतो. यावर उपाय म्हणून एकच साचा घट्ट बसवावा : ‘आय फाइंड इट डिस्गस्टिंग.’ यात ‘मला ते किळसवाणे वाटते’ हा मराठी विचार नीट बसतो आणि प्रत्यय चुकण्याची शक्यता राहत नाही. ‘आय फाइंड द स्मेल नॉशिएटिंग’, ‘आय फाइंड सच जोक्स रिपल्सिव्ह’ अशी दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत.

‘मला मळमळतंय’ हे सांगण्यासाठी ‘व्हॉमिटिंग इज कमिंग’ म्हणू नये. ‘आय फील सिक’ पुरेसे आहे. इथे देशादेशांचा फरक पडतो. ब्रिटिश माणूस ‘आय वॉज सिक’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याला ओकारी झालेली असते, अमेरिकन म्हणतो तेव्हा तो आजारी असतो. आणि तरुण पोरे एखाद्या गाडीकडे पाहून ‘दॅट्स सिक’ म्हणतात तेव्हा त्यांना आपले ‘लई भारी’ म्हणायचे असते. परदेशात नर्सिंगसाठी जाणाऱ्या मुलींनी हा भेद पाठ करून जावा, रुग्ण काय सांगतो आहे ते त्यावर ठरते.

चौथी पायरी : कोणासमोर कोणता शब्द

‘ग्रोस’ हा शब्द मालिकांमुळे आपल्याकडे आला आहे. तो अमेरिकन बोलण्यातला, मित्रमंडळींतला शब्द आहे. साहेबांना पाठवायच्या पत्रात तो वापरू नये. पगाराच्या चिठ्ठीवरचा ‘ग्रॉस’ तोच, मूळ अर्थ जाड, ढोबळ, आणि पगारात एकूण. आणि ‘ग्रोस मिसकंडक्ट’ म्हणजे किळसवाणे नव्हे तर उघड आणि गंभीर गैरवर्तन, हे कार्यालयात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ‘यकी’ हा लहान मुलांशी बोलतानाचा शब्द. ‘ग्रॉटी’ आणि ‘मँकी’ हे ब्रिटिश घरगुती बोलण्यातले, कळकट खोली किंवा मळके फडके यांच्यासाठी.

लेखी तक्रारीत विशेषण एकदाच आणि शेवटी यावे. ‘द बाथरूम वॉज डिस्गस्टिंग’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. भिंतीवर बुरशी होती, नाली तुंबली होती, टॉवेल ओले होते असे आधी लिहून मग ‘द रूम वॉज फिल्दी’ म्हटले तर ते नाकारता येत नाही.

मनाच्या किळसेसाठी, म्हणजे क्रूरपणा, अन्याय, विश्वासघात यांच्यासाठी, वेगळी फळी आहे : व्हाइल, अपॉलिंग, रिपग्नंट, अब्हॉरंट. यांतले शेवटचे दोन लेखी आणि भारदस्त आहेत, ‘मॉरली रिपग्नंट’ ही जोडी तर लेखांत वारंवार आढळते. बोलताना अपॉलिंग सहज चालतो. ‘डिस्ग्रेसफुल’ला डिस्गस्टिंगचा भाऊ समजू नये. त्यात किळस नाही, लाज आहे. रस्त्यावरचे खड्डे डिस्ग्रेसफुल असतात.

पाचवी पायरी : अन्न आणि माणूस यांच्यापाशी थांबा

या भागाविषयी मला सगळ्यांत जास्त तळमळ आहे. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिताना दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या टिएरा डेल फ्यूगोमधली एक आठवण दिली आहे. तो थंड, डबाबंद मांस खात असताना तिथल्या एका मूळ रहिवाशाने त्याला बोट लावून पाहिले आणि त्याच्या मऊपणाची किळस चेहऱ्यावर उघड दाखवली. डार्विनला मात्र किळस आली ती आपल्या अन्नाला परक्याचे बोट लागल्याची, जरी ते हात घाण दिसत नव्हते तरी. एकच ताट, दोन माणसे आणि दोन वेगळ्या किळसा. आपल्याकडे रक्ताची रक्ती आणि आतड्यांची वजडी चवीने खाणारी घरे आहेत, आणि त्याच घरातल्या मुलीला निळ्या बुरशीचे चीज पाहून ओकारी येईल. म्हणून कोणीही रांधून पुढे ठेवलेल्या अन्नाला डिस्गस्टिंग म्हणू नये. ‘इट्स नॉट फॉर मी’, ‘इट्स अ बिट स्ट्राँग फॉर मी’, किंवा ‘आय थिंक इट्स अॅन अॅक्वायर्ड टेस्ट’ म्हणावे. या शेवटच्या वाक्याचा अर्थ हळूहळू अंगवळणी पडणारी चव असा होतो, आणि त्याने यजमान दुखावत नाही.

माणसाच्या बाबतीत याहून काटेकोर राहावे. ‘यू आर डिस्गस्टिंग’ हे वाक्य समोरच्याच्या कृतीवर नाही, त्याच्या असण्यावर पडते. कृतीविषयी बोलायचे असेल तर ‘दॅट वॉज अ डिस्गस्टिंग थिंग टू से’ असे म्हणता येते आणि त्यात राग कमी होत नाही. या शहराला हा भेद नवा नाही. ज्या काळात काही माणसांच्या स्पर्शाचीच शिसारी बाळगायला शिकवले जात होते, त्या काळात राजर्षी शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलात जाऊन चहा घेत होते. कातडे कमावण्याच्या जागी वास उग्र असतो, तो ‘स्ट्राँग’ किंवा ‘पंजंट’ म्हणावा. तिथे काम करणाऱ्या हातांकडे हे विशेषण सरकता कामा नये. पाहुण्यांना कोल्हापुरी चपलांचे काम दाखवायला नेणाऱ्यांनी तर हे आधीच ठरवून जावे.

उच्चार

चार सूचना पुरतील. डिस्गस्टिंगमध्ये जोर ‘गस’वर द्यावा, ‘डिस’वर नाही. ‘ग्रोस’मध्ये ओ आहे, पगाराच्या चिठ्ठीवरचाही मूळ उच्चार तोच. ‘अपॉलिंग’मध्ये जोर ‘पॉ’वर. आणि ‘व्हाइल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, नाहीतर ऐकणाऱ्याला ते ‘असताना’ या अर्थाचे, डब्ल्यूने सुरू होणारे ‘व्हाइल’ वाटते. मराठीत व्ही आणि डब्ल्यू हे दोन आवाज वेगळे नसल्यामुळे कानाला फरक लगेच कळत नाही. आरशासमोर उभे राहून ओठ पाहावेत.

सराव

वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. आठवडाभर ज्या ज्या गोष्टीला मनात ‘शी!’ म्हणाल ती डाव्या बाजूला मराठीत लिहावी, आणि ‘घाण’ हा शब्द तिथे वर्ज्य मानावा. उजव्या बाजूला इंग्रजी रात्री लिहावे, लगेच नाही, म्हणजे घाईने डर्टी उमटत नाही. पहिले दोन दिवस इंद्रियांचे शब्द वापरावेत, तिसऱ्या दिवसापासून प्रतिक्रियेचे, आणि दिवसाला एकच तीव्र विशेषण खर्चावे.

गेल्या पावसाळ्याआधी मी वर्गातल्या आठ जणांना सकाळी रंकाळ्यावर घेऊन गेले होते. काठाशी जलपर्णी साचली होती आणि तिच्यामागे पाणी हिरवे, स्थिर दिसत होते. बँकेत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने डाव्या बाजूला लिहिले : ‘काठाचं पाणी बुळबुळीत झालंय, कुजक्या पाल्याचा वास येतोय, पण पलीकडे पाणी चांगलं आहे.’ उजव्या बाजूला तिने आधी ‘डिस्गस्टिंग लेक’ लिहून खोडले. मग बराच वेळ पेन गालाला टेकवून ती बसली आणि तिने लिहिले : ‘द वॉटर निअर द बँक इज स्लाइमी अँड स्मेल्स ऑफ रॉटन लीव्ह्ज. फर्दर आउट, इट इज क्लीन.’